दादाची काळी एक

संपादकांचा निरोप आला, की या खेपेचा अंक दिवाळीचा आहे. तेव्हा नेहमीच्या दीड पानाऐवजी चार पाने घ्यावीत आणि विषय जरा आनंदाचा काढावा. वर्षभर मी या जागेवरून कुरकुरतच असतो, ही गोष्ट त्यांनी इतक्या हळुवारपणे सुचवली की रागावण्याचीही सोय उरली नाही. बराच विचार केल्यावर आनंदाचा म्हणावा असा एकच विषय सापडला. गेल्या माघात आमच्या घरात लग्न झाले, आणि त्या लग्नात डीजे होता.

हा शब्द वाचताच निम्म्या वाचकांनी पान उलटले असणार. त्यांचा दोष नाही. महाराष्ट्रात डीजे हा माणूस नसून भिंत आहे. ट्रकवर काळ्या खोक्यांची चळत रचून ती उभी करतात, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ती आपल्या दारावरून जाऊ लागली की फडताळातले पेले आपणहून वाजू लागतात. माझा तिच्याशी संबंध एवढाच, की रात्रीचे दहा वाजले की मी घड्याळाकडे पाहतो आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांची मनाशी उजळणी करतो. पण मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’, म्हणजे तबकड्यांवर स्वार होणारा. आणि माझा पुतण्या त्या मूळ अर्थाने डीजे आहे. दिवसा तो पुण्यात एका कचेरीत संगणकापुढे बसतो, आणि शनिवारी रात्री दुसऱ्या संगणकापुढे उभा राहतो. एक गाणे संपता संपता दुसरे अशा बेताने सुरू करायचे की नाचणाऱ्याचे पाऊल अडखळू नये, हा त्याचा उद्योग.

मी एकदा त्याला विचारले, “यात तुझे कर्तृत्व काय? गाणी दुसऱ्याची, यंत्र जपानचे.”

तो म्हणाला, “काका, डाळ वाण्याची आणि कुकर कंपनीचा. मग काकूचे वरण वेगळे का लागते?”

यावर मी वर्तमानपत्र उघडले.

लग्न त्याच्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे माझ्या पुतणीचे. आदल्या संध्याकाळी ‘संगीत’ ठरले होते. हा प्रकार उत्तरेकडून आला आणि आमच्या मुली त्यात इतक्या रमल्या की आता सीमांतपूजन राहिले तरी चालेल, संगीत राहता कामा नये. पुतण्याने जाहीर केले, की बहिणीच्या संगीताला दुसऱ्या कोणाला बोलवायचे नाही, मीच वाजवणार. आणि शेवटी बाबांचा अभंग लावणार.

बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. तो साताऱ्यास नोकरीला होता, आणि नोकरीतून उरलेला सगळा जीव त्याने पेटीत ओतला होता. गुरुवारी घरी भजन असे. दादा पेटी वाजवी आणि स्वतःच गाई, नेहमी काळी एकमध्ये. १९९६ साली तो गेला, तेव्हा पुतण्या पाच वर्षांचा होता आणि आज जिचे लग्न ती आठ महिन्यांची. दादाच्या आवाजाची एकुलती एक खूण म्हणजे १९८८ सालची एक कॅसेट. एका गुरुवारी कोणीतरी टेपरेकॉर्डर आणला, नेमकी वीज गेली, आणि सेल घालून भजन टिपून घेतले. तुकोबांचा एक अभंग, चाल दादाची स्वतःची, राग भूप. सात मिनिटांचा ऐवज. या दोन्ही मुलांना बाप ठाऊक आहे तो या सात मिनिटांपुरता.

पौषातल्या एका रविवारी पुतण्याचा फोन आला. “काका, साताऱ्याला येता का? बाबांचा अभंग कशातच बसत नाही.”

आम्ही त्याच्या मोटारीतून निघालो, आणि खंबाटकीचा घाट येईपर्यंत त्याने मला त्याच्या धंद्यातले मर्म समजावून सांगितले. ते मला जसे समजले तसे सांगतो.

एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना अर्धाएक मिनिट दोन्ही गाणी एकदम वाजत असतात. तेव्हा दोघांची लय एक हवी, हे उघडच आहे. एक मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि दुसरे १२६ चे असेल, तर एकाला हाकायचे किंवा दुसऱ्याचा लगाम खेचायचा. जपानमध्ये १९७२ साली टेक्निक्सची एसएल-१२०० ही तबकडी फिरवणारी यंत्रे निघाली. १९७९ च्या सुधारित नमुन्यात वेग आठ टक्के वर वा खाली नेणारी सरकपट्टी आली, आणि जगभरच्या डीजेंनी ती डोक्यावर घेतली. पण तबकडी जोरात फिरवली की लयीबरोबर सूरही चढतो. हे आम्हा जुन्या माणसांना कोणी सांगायला नको. शेजारच्या वाड्यात चावीचा ग्रामोफोन होता. चावी उतरत आली की बालगंधर्वांचा आवाज हळूहळू खाली घसरत जाई, आणि कोणीतरी धावत जाऊन चावी दिली की पुन्हा जिना चढल्यासारखा वर येई. हिशेब असा, की वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकची पांढरी दोन होते.

आणि इथे खरी मेख आहे. लय जुळली तरी सूर जुळतोच असे नाही. गल्लीच्या दोन टोकांना दोन भजनी मंडळे एकाच ठेक्यात दोन वेगळ्या पट्ट्यांत गाऊ लागली तर मधल्या घरातल्या माणसाचे जे होईल, ते नाचणाऱ्याचे होते. त्याला कारण कळत नाही. तो फक्त पाणी प्यायला निघून जातो. म्हणून जाणते डीजे गाण्याची पट्टी पाहून जोड्या लावतात.

“ते कसे?” मी विचारले.

त्याने मोटार चहाच्या टपरीपाशी थांबवली आणि फोनवर एक चित्र दाखवले. घड्याळाची तबकडी. बारा आकडे, आणि प्रत्येक आकड्याचे दोन कप्पे, ‘ए’ आणि ‘बी’. बी म्हणजे शुद्ध गंधाराच्या पट्ट्या, ए म्हणजे कोमल गंधाराच्या. याला कॅमलॉट चक्र म्हणतात. मार्क डेव्हिस नावाच्या गृहस्थाने ते डीजेंसाठी केले. नियम इतका सोपा की पाढे येणाऱ्या पोराने पाळावा. आठवर असाल तर आठवर राहा, नाहीतर सातवर किंवा नऊवर जा. किंवा आकडा तोच ठेवून ए चे बी करा. ती गाणी गोडीने नांदतात.

मी चक्र बारकाईने पाहिले. आठ बी म्हणजे पांढरी एक. नऊ बी म्हणजे पांढरी पाच. सात बी म्हणजे पांढरी चार. दहा बी म्हणजे पांढरी दोन. मी चहाचा कप खाली ठेवला.

“अरे, हा तर षड्ज-पंचम भाव!”

पांढरी एकला सा धरा. तिचा पंचम पांढरी पाच. आता पांढरी पाचला सा धरा. तिचा पंचम पांढरी दोन. असे पंचमाला सा करीत चालत राहा, बारा पावलांत फिरून पांढरी एकवर याल. उलट फिरलात तर दर पावलाला मध्यम भेटेल. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगून ठेवले आहे, की ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर ते एकमेकांचे संवादी. नऊ श्रुतींवर मध्यम, तेरांवर पंचम. युरोपात हेच वर्तुळ हाइनिखेन नावाच्या जर्मन संगीतकाराने १७२८ साली छापले. आता त्यावर पट्ट्यांच्या नावांऐवजी आकडे लिहिले, की झाले डीजेचे चक्र.

या चक्रातली मौज अशी, की पेटीवर जे शेजारी ते चक्रावर परके. काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये पेटीवर सुईही जायची नाही. चक्रावर एक तिसऱ्या घरात, दुसरी दहाव्या. वाड्यातल्या सामाईक भिंतीच्या बिऱ्हाडांचे असेच असते. भिंत एक, बोलचाल बंद. आणि जीव लागतो तो चार घरे सोडून राहणाऱ्याशी.

पुतण्याला मी विचारले, की हा नियम रात्रभर पाळला तर मग काम झाले? तो हसला. म्हणाला, “रात्रभर पाळला तर लोक झोपतील. मधूनच मुद्दाम एकदम अर्धा स्वर वर उडी मारायची. पण ती मारायची असते, घडायची नसते.” हे उत्तर मला आवडले, म्हणून वर्तमानपत्र उघडले नाही. मोटारीत ते नव्हतेही.

चक्र बाराव्या पावलाला बरोबर मिटते ते मात्र पेटीच्या कृपेने. तंबोऱ्यावर लावतो तसे निखळ पंचम घेत बारा पावले गेलात, तर मूळ सा च्या थोडे पुढे जाऊन पडाल, सुमारे अर्ध्या स्वराच्या चौथ्या हिश्शाइतके. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ही चूक सगळ्यांमध्ये थोडी थोडी वाटून टाकलेली असते. म्हणून तर गवयांनी तिला नाके मुरडली, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले. ते १९७१ साली थोडेसे किलकिले झाले. दादा या बंदीबद्दल असा बोले की जणू ती त्याच्या एकट्यावरच घातली होती. ज्या खोटेपणाबद्दल पेटी बदनाम झाली, त्याच खोटेपणावर आज जगातले सगळे नाचघर चालले आहे, हे ऐकायला तो हवा होता.

असो. आम्ही साताऱ्यास पोचलो. वहिनी अनरसे तळत होत्या. माजघरात पुतण्याने संगणक उघडला आणि आपली अडचण दाखवली.

त्याच्या संगणकात गाण्याची पट्टी ओळखणारा प्रोग्राम आहे. तो गाण्यातल्या बारा स्वरांपैकी कोणता किती वाजतो ते मोजतो आणि त्या मोजमापावरून अंदाज बांधतो. दादाच्या अभंगाला त्याने ‘१० ए’ असे बिरूद दिले होते, म्हणजे पांढरी सात, कोमल गंधाराची. पुतण्याने त्याप्रमाणे १० ए चेच एक संथ वाद्यसंगीत शोधले, त्याचा खर्ज खाली धरला आणि वर अभंग सोडला.

मी वाचकांना काय सांगू! दादाचा तो उजळ, पहाटेच्या सड्यासारखा भूप, आणि असा वाजू लागला की घरात कोणीतरी आजारी आहे. शिवाय खर्जाच्या जरासा उतरलेला. स्वर सगळे दादाचेच होते, एकही बदललेला नव्हता. तरी तो भूप नव्हता.

“आकडा तर जुळतो आहे,” पुतण्या म्हणाला.

“आकडा जुळतो आहे. सा चुकला आहे.”

भूपात पाच स्वर, सा रे ग प ध. मध्यम-निषाद नाहीत. आता स्वर हेच ठेवा आणि सा तेवढा हलवा. गंधाराला सा माना, मालकंस होतो. पंचमाला माना, दुर्गा. धैवताला माना, धानी. याला मूर्च्छना म्हणतात, आणि मोठे कलावंत यावर मैफली उभ्या करतात. पंडित जसराजांनी जसरंगी जुगलबंदी बसवली ती याच तत्त्वावर. बाई आपल्या पट्टीत एक राग गातात, बुवा आपल्या पट्टीत दुसरा, आणि स्वर मात्र दोघांचे एकच, कारण एकाचा मध्यम किंवा पंचम हा दुसऱ्याचा सा असतो. चक्रावरचे एकाच आकड्याचे ए आणि बी हेही तेच. स्वरांचे भांडवल एक, मालक दोन. यंत्राने भांडवल मोजले आणि मालक भलताच ठरवला. दादाला धैवतावर रेंगाळायची खोड होती. यंत्राने त्या धैवतालाच सा समजून भूपाचा धानी केला. खर्जात जो स्वर धराल तो राजा होतो, आणि राजा बदलला की प्रजा तीच असून राज्य वेगळे होते.

म्हणजे १० ए नव्हे, १० बी. पांढरी दोन, शुद्ध गंधाराची. पुतण्याने पांढरी दोनचा खर्ज लावला. अभंग हसरा झाला. पण उतरलेपणा गेला नाही. आणि मला दुसरीच शंका आली. पांढरी दोन? दादा जन्मात पांढरी दोनमध्ये गायला नव्हता.

पेटी कपाटावर होती. उतरवली, पुसली. भात्याला एक भोक होते, त्यावर बोट धरून पुतण्याने भाता मारला आणि मी सूर दाबले. फोनवर सूर मोजायची सोय आहे, त्यावर पाहिले. इतक्या वर्षांनी पेटीची काळी एक केसभर उतरली होती, अधिक नाही. कॅसेटवरचा सा मात्र काळी एकच्या बराच वर आणि पांढरी दोनच्या थोडा खाली. अधांतरी. त्या घरात दुसरी पेटी कधीच नव्हती.

पुतण्या म्हणाला, “त्या दिवशी त्यांनी पट्टी बदलली असेल. पांढरी दोनच घेतली असेल, कॅसेट जरा ढिली चालत असेल.”

बोलण्यात तथ्य होते. मी उत्तर शोधत पेटीवर भूप वाजवीत बसलो, आणि पांढरी चारवर बोट पडताच पेटी करकरली. त्या सुराच्या जिभेला पूर्वीपासून खोड आहे, वारा जोरात लागला की मधमाशी अडकल्यासारखी गुणगुणते. दादा म्हणे, हा आमचा चौथा भाऊ, जरा घोगरा आहे.

“परत लाव,” मी म्हणालो. “आणि गंधार ऐक. फक्त गंधार.”

अभंगात दर वेळी पेटीचा गंधार आला, की तीच मधमाशी. पांढरी दोनमध्ये वाजवले असते तर गंधार काळी तीनवर पडतो, आणि काळी तीन ठणठणीत आहे. पांढरी चार गंधार होते ती काळी एक सा असेल तेव्हाच. दादा काळी एकमध्येच गात होता. चढला होता तो दादा नव्हे, ती कॅसेट.

मग सगळा उलगडा झाला. वीज गेली होती, सेल जुने असावेत. टिपून घेताना रेकॉर्डर मंद चालत होता. मंद टिपलेले नेहमीच्या वेगाने वाजवले, की आवाज चढतो आणि लय पळते. इतकी वर्षे ती कॅसेट सगळ्या घराने ऐकली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. मी वर्षातून एकदा, श्राद्धाच्या दिवशी ऐकत असे, आणि त्या दिवशी कोणी पट्टी तपासत नाही.

पुतण्याने वेगाच्या सरकपट्टीला हात घातला. मी म्हणालो, “थांब. तुझे ते कुलूप काढ.” हल्लीच्या यंत्रांना एक सोय असते, ते तिला की-लॉक म्हणतात, वेग बदलला तरी सूर जागचा हलत नाही. डीजे लोक ती सदैव लावूनच ठेवतात. इथे ती नको होती. इथे जुनी तबकडीच हवी होती, वेगाबरोबर सूर उतरणारी. त्याने कुलूप काढले आणि पट्टी खाली आणू लागला. एक टक्का. दोन. तीन. मी पेटीची काळी एक धरून बसलो होतो. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक लाट उठते. ती आधी भराभर येत होती, मग सावकाश, मग फार सावकाश. साडेचार टक्क्यांच्या पुढे, पाचाच्या अलीकडे, ती थांबली.

सात मिनिटांचा अभंग वीस सेकंदांनी लांबला. आवाज भरदार झाला, छातीतून येऊ लागला. शब्दांमधला श्वास मोकळा झाला. माझ्या हाताखालचा भाता थांबला होता, कारण तो मारणारा पोरगा संगणकाच्या पडद्याकडे पाहत बसला होता. पडद्यावर पाहण्यासारखे काहीच नव्हते.

वहिनी झारा घेऊन दाराशी उभ्या होत्या.

“भाऊजी, ही दुसरी कॅसेट कुठं मिळाली?”

“दुसरी नाही, वहिनी. तीच आहे.”

त्या काही बोलल्या नाहीत. अभंग संपेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग अनरसा जळल्याचा वास आला म्हणून आत गेल्या. पुतण्याने मला हळूच विचारले, “बाबा असे बोलायचे?” मी म्हटले, असेच. पाच वर्षांचा असताना ऐकलेला आवाज त्याला आठवत नव्हता, आणि आठवतो असे ज्याला तो समजत आला होता तो आवाज त्याच्या बापाचा नव्हता. यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. मी पेटीचा भाता कोठे शिवून मिळेल याची चौकशी काढली.

पुण्यास परतताना आमचे भांडण झाले. त्याला अभंगाखाली ठेका घालायचा होता. पण भजनाची लय यंत्राच्या ठोक्यात बसत नाही; ती पहिल्या कडव्याला चालते, तिसऱ्याला पळते. त्याचा बेत असा, की संगणकात अभंग ताणून-आवळून सगळे ठोके सारखे करावेत. मी म्हटले, मग ते दादाचे भजन नव्हे, दादाची गजाची चौकट. शिरवळपर्यंत दोघे गप्प होतो. मग तोच म्हणाला, “ठेका नको. नुसता तंबोरा लावतो. झांजा त्यांच्याच राहू देत.”

संगीताची संध्याकाळ उजाडली (संध्याकाळ उजाडते म्हणायचे ते अशाच दिव्यांमुळे). ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्या गृहस्थांनी दीड तास उशीर केला. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी साडेनऊपासूनच घड्याळाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. मधला तास-दीड तास तरुण मंडळी नाचली, त्याचे वर्णन मी करीत नाही, कारण मीही नाचलो अशी एक वदंता आहे.

पावणेदहाच्या सुमारास पुतण्याने काळी चारमधले एक गाणे लावले. चक्रावर काळी एक तीन बी, काळी चार चार बी, लागून लागून घरे. गाण्याचे शब्द संपले, ताल विरत गेला, आणि एकच लांब सूर मागे राहिला. काळी चार, त्या गाण्याचा सा. तो तसाच धरून ठेवून त्याने खालून तंबोऱ्याची काळी एक उचलली. मी खुर्चीत सावरून बसलो. वरचा सूर रेसभरही हलला नव्हता. पण आतापर्यंत जो घरधनी होता तो बघता बघता पंचम होऊन बसला, आणि खाली दुसऱ्याच कोणाचे घर उघडले. मग दादाने पहिली ओळ घेतली.

अर्ध्या लोकांना कार्यक्रम संपला असे वाटले आणि ते जेवणाकडे वळले. ते एका परीने बरेच झाले. राहिले ते घरचे. नवरी आईला टेकून उभी होती. पहिल्या रांगेत साताऱ्याहून आलेले ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ बसले होते, गुरुवारच्या भजनातले झांजवाले. ते गुडघ्यावर बोटांनी ठेका धरीत होते. अभंग संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो, तर तेच म्हणाले, “आज बरोबर वाजली बघा झांज. कॅसेटीत मी उगाच घाईत असल्यासारखा वाटायचो. मी कधी एवढा पळालोय?” तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी हे एकदा वहिनींना सांगितले होते म्हणे. म्हातारपणाची बडबड म्हणून कोणी मनावर घेतले नाही. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.

लग्न पार पडले. पेटीचा भाता नवा झाला, पांढरी चारची जीभ मात्र आम्ही दुरुस्त करू दिली नाही. पुतण्याने पेटीच्या पट्ट्यांवर चक्रातले आकडे लिहून कागदाचे कपटे चिकटवले आहेत, आणि फोनवरून मला विचारतो, “काका, तीन बी मध्ये भूप वाजवला, आता चार बी मध्ये बोटे कुठे पडतात?” अशा भाषेत संगीत शिकवावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते.

महिन्याभराने तो साताऱ्यास गेला तेव्हा त्याने वहिनींच्या फोनमध्ये नवा, सुधारलेला अभंग घालून दिला. त्यांनी तो ऐकला, छान आहे म्हणाल्या. मग थोड्या वेळाने त्याला म्हणाल्या, “जुना पण घालून दे. तुझे बाबा माझ्याबरोबर बारा वर्षं होते. हा कॅसेटवाला तीस वर्षं आहे.”